जागेवरची भुतं

विश्राम बेडेकर म्हटलं की मराठी वाचकाला 'रणांगण' ही कादंबरी आठवते. 1970 साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' नावाचा एक हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला होता, ही गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. निर्माते होते एफ. यू. रामसे. मुमताज, शत्रुघ्न सिन्हा, पृथ्वीराज कपूर अशी मंडळी असूनही चित्रपट पडला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर चेहऱ्यावर सैतानी मुखवटा चढवून चोरी करायला शिरतात. निर्मात्याची मुलं, तुलसी आणि श्याम, थिएटरात पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे बघत बसली. एरवी ढिम्म बसलेली माणसं तेवढ्या प्रसंगाला ताठ होत होती. मुलांनी वडिलांना गळ घातली की आपण अख्खा चित्रपटच असा काढू. दोन वर्षांनी 'दो गज जमीन के नीचे' आला आणि स्वस्तातल्या हिंदी भयपटाचं घराणं उभं राहिलं. जाणकारांनी कायम नाक मुरडलं त्या शाखेचं मूळ 'रणांगण'च्या लेखकाने केलेल्या चित्रपटात सापडतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो, आणि म्हणून या पुस्तकाची सुरुवात बेडेकरांच्या नावाने केली आहे.

पुस्तकात आहेत ती टिपणं. कमी खर्चात काढलेल्या भयपटांवरची, ते ज्या सीडी-डीव्हीडींवर पाहायला मिळाले त्या सीडी-डीव्हीडींवरची, आणि थोडीफार ते पाहणाऱ्या लोकांवरची. लिहिणारा समीक्षक नाही, चाहता आहे. चाहत्याची मतं ठाम असतात, तशी इथलीही आहेत.

रामसेंची हकिगत थोडक्यात सांगायला हवी. एफ. यू. रामसे म्हणजे फतेहचंद रामसिंघानी. त्यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान मांडलं, आणि हळूहळू चित्रपटनिर्मितीत शिरलं. मुलगे सात. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाकडे, अर्जुन संकलनाला, आणि केशू कॅमेऱ्याला आणि निर्मितीला हातभार लावणार. कुणी चित्रपटाच्या शाळेत गेलं नव्हतं. जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायाचित्रकाराचं छायालेखनावरचं पुस्तक समोर ठेवून भावांनी अभ्यास केला. आपल्याकडे शेती करणारी एकत्र कुटुंबं जशी कामं वाटून घेतात तशी यांनी चित्रपटाची वाटून घेतली, आणि मजुरीचा मोठा खर्च तिथेच वाचला.

'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला झाला. सगळं युनिट तिथल्या विश्रामगृहात मुक्कामाला, चाळीसेक दिवसांत चित्रीकरण संपलं, खर्च काही लाखांचा. मोठ्या निर्मात्याने स्टुडिओत हवेली उभारली असती, धूर सोडला असता. यांच्याकडे सेटला पैसे नव्हते, त्यामुळे ते थेट जागेवर गेले. धुकं महाबळेश्वरचं खरं, जुन्या बंगल्यांच्या भिंतींवरचं शेवाळ खरं, भिजलेले दगडी जिने खरे. पुढेही त्यांनी हाच मार्ग धरला. महाबळेश्वरची झाडी, मुरूडला समुद्राकाठी उभा असलेला नवाबाचा राजवाडा, घाटातले रस्ते, ओस पडलेल्या कोठ्या. 1970 आणि 80 च्या दशकांत महाराष्ट्रातल्या पडक्या वास्तू रात्रीच्या वेळी कशा दिसायच्या याचं चित्रण कुठे पाहायचं असेल, तर ते रामसेंच्या चित्रपटांत आहे. पर्यटन खात्याच्या माहितीपटात ते सापडणार नाही.

या सगळ्या टिपणांमागे माझं मूळ म्हणणं हेच आहे. भय जागेचं असतं. आपल्याकडचं भूत कधी मोकळं हिंडत नाही. ते पिंपळाचं असतं, विहिरीचं असतं, अमक्या वळणाचं असतं. जागा सोडून नेलं तर ते उरत नाही. खर्चिक भयपट भुताला जागेवरून उचलून सेटवर नेतो आणि मग ते परत आणण्यासाठी संगणकावर कोट्यवधी रुपये ओततो. गरीब भयपटाला ती सोयच नसते. तो जागेवर जातो आणि जागा आपलं काम करते.

पुरुषोत्तमनगरच्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. शहादा तालुक्यातली ही वस्ती सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली. गाळप हंगामात रात्रभर दिवे, गव्हाणीचा खडखडाट, मळीचा वास, ट्रॅक्टरांची रांग. आणि त्या उजेडाच्या पलीकडे लगेच ऊस. बारा फूट वाढलेल्या उसात पाच पावलं आत गेलं की दिशा हरवते. वारा नसतानाही पाचट वाजतं. हाताला पात कापते तेव्हा कळत नाही, नंतर झोंबते. बिबट्या उसात असतो हे आमच्या भागात खरंच आहे, त्यामुळे उसातल्या आवाजाला घाबरणं हा इथे भित्रेपणा मानत नाहीत. भुतांच्या गोष्टी अहिराणीत चालतात, गुजरीत चालतात, पावरीत चालतात. प्रत्येक भाषेतलं भूत वेगळं, त्याची जागा मात्र सगळ्यांना ठाऊक.

असे चित्रपट आमच्याकडे आले ते आधी यात्रेतल्या तंबूतून आणि शहाद्याच्या थिएटरातून, मग भाड्याच्या व्हीसीआरवरून, आणि शेवटी सीडीवरून. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, सगळा महाराष्ट्र तो घोड्यांसाठी ओळखतो. माझ्या पिढीच्या मनात मात्र यात्रा म्हणजे तमाशा, पाळणे आणि पिक्चर. फिरत्या टॉकीजची ती दुनिया आता जवळजवळ संपली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (2016) या माहितीपटात ती मावळताना टिपून ठेवली आहे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी तो जरूर पाहावा.

सीडीबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण बहुतेकांनी भयपट पाहिला तो या रूपात. चित्रपटाची सीडी म्हणजे व्हीसीडी; तिच्यावरचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावायचा, म्हणून हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत यायचा, आणि तबकडी बदलण्याची वेळ नेमकी दार उघडण्याच्या प्रसंगी यायची. त्याहून मोठं नुकसान अंधाराचं व्हायचं. व्हीसीडीत चित्र चौकोनांच्या तुकड्यांत दाबून बसवलेलं असतं. उजेडातलं गाणं त्यात निभावून जातं. पण मेणबत्ती घेऊन तळघरात उतरणाऱ्या बाईच्या मागचा काळोख दाबला की त्याचे राखाडी ठोकळे होतात, आणि ते ठोकळे प्रत्येक हालचालीला थरथरतात. छायालेखकाने त्या काळोखात जे लपवून ठेवलेलं असतं ते त्या चौकोनांत विरघळून जातं. गंगू रामसेंनी निळ्या-हिरव्या दिव्यांनी अंधाराचे थर रचले होते, हे व्हीसीडी पाहणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. त्याला फक्त गढूळ चित्र दिसलं आणि त्याने ठरवलं की चित्रपटच गढूळ आहे.

डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, म्हणजे व्हीसीडीच्या चौपटीहून जास्त. पण ती बराच काळ महाग होती. 2007 साली मोझर बेअर या कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने चित्रपटांच्या व्यवसायात उडी घेतली आणि व्हीसीडी 28 रुपयांना, डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. एका फटक्यात बाजार बदलला. बसस्टँडच्या दुकानात, किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ, रसवंतीशेजारच्या टपरीवर तबकड्यांचे स्टँड लागले. मोठ्या नायकांच्या चित्रपटांसोबत मोहन भाकरी, कांती शाह या स्वस्तातल्या दिग्दर्शकांचे चित्रपटही लोकांच्या हातात आले. ज्या चित्रपटांना तालुक्याच्या थिएटरात एखादा आठवडा मिळायचा, ते आता घराघरांत कायमचे राहायला आले. त्या काळाचं श्रेय मी त्या चौतीस रुपयांना देतो.

काम मात्र निष्काळजीपणे व्हायचं. रुंद पडद्यासाठी घेतलेलं चित्र दोन्ही बाजूंनी कापून चौकोनी केलेलं, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, गाणी मध्येच छाटलेली. एकाच चित्रपटाच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या तर लांबीत फरक निघतो. सेन्सॉरने कापलेलं वेगळं, आणि तबकडीत जागा व्हावी म्हणून कापलेलं वेगळं. म्हणून पुढच्या टिपणांत मी प्रत्येक ठिकाणी कोणती प्रत पाहिली ते लिहिलं आहे. ज्याला ही बारीकसारीक माहिती नको त्याने ती ओळ सोडून पुढे जावं, पण माझ्या मते प्रत न सांगता चित्रपटावर मत देणं अपुरं आहे.

आता मतं. 'पुराना मंदिर' (1984) हा या सगळ्या शाखेतला सर्वांत चांगला चित्रपट आहे. सामरी नावाच्या राक्षसाचं मुंडकं हवेलीत पेटीत बंद, धड मंदिरामागे पुरलेलं. मरताना त्याने राजघराण्याला शाप दिलेला: या घरातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. त्या भीतीने ठाकूर आपल्या मुलीचं लग्नच होऊ देत नाही. सामरीची भूमिका केली अनिरुद्ध अगरवाल यांनी. ते रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंते. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांवर मेकअपचा खर्च फारसा करावा लागला नाही. कॅमेरा खाली ठेवून मागून दिवा दिला की पुरे. ललिता पवार आणि सदाशिव अमरापूरकर हे मराठी रंगभूमी-चित्रपटांतले कसलेले चेहरेही त्यात आहेत. जगदीप यांचं 'शोले'च्या नकलेचं कथानक मध्ये मध्ये येतं. बरेच चाहते ते पुढे सरकवतात. मी तसं करू नका म्हणेन. यात्रेच्या तंबूत बसलेल्या प्रेक्षकाला भीतीनंतर श्वास घ्यायला ती जागा लागायची, आणि तमाशातल्या वगात हास्याची सोय असते तीही याच कारणाने.

पण या चित्रपटाचं खरं बळ शापात आहे. बाई बाळंतपणात मरते, ही भीती राक्षसाने आणलेली नव्हती. सातपुड्याच्या पाड्यांवर रात्री कळा सुरू झाल्या, रस्ता नाही, झोळी करून बाईला खाली आणायचं, ही आमच्या जिल्ह्याची हकिगत आहे. 'पुराना मंदिर' पाहायला आलेल्या बायका सामरीच्या लाल डोळ्यांना जेवढ्या घाबरल्या असतील त्याहून जास्त त्या शापाला घाबरल्या असतील, याची मला खात्री आहे. त्या वर्षी मोठ्या बॅनरचे कितीतरी कौटुंबिक चित्रपट आले. त्यांच्यात आईच्या महतीची गाणी होती. बाळंतपणातल्या मरणाची भीती मात्र कथेच्या मधोमध ठेवली ती ज्याला 'बी ग्रेड' म्हणतात त्या चित्रपटाने.

'बंद दरवाजा' (1990) तीच वाट आणखी पुढे नेतो. मूल होत नाही म्हणून हवेलीतली ठकुराइन काळ्या पहाडीवरच्या नेवला नावाच्या राक्षसाकडे जाते. अट अशी की मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी. एवढ्या एका अटीत आपल्या समाजाचा केवढा मोठा हिशेब उघडा पडतो. पाहणाऱ्याला त्यात ड्रॅक्युला दिसतो, आणि तो आहेच, पण मला त्यात वांझ म्हणून हिणवली गेलेली सून दिसते. तिच्यावर त्या काळात इतक्या स्पष्टपणे बोलणारे चित्रपट फार नव्हते. शेवटचा अर्धा तास गडबडीचा आहे, पाठलाग लांबतो, संकलन विस्कळीत होतं. तरीही हा चित्रपट माझ्या यादीत दुसरा आहे.

'तहखाना' (1986) आणि 'पुरानी हवेली' (1989) ठीक. 'महाकाल' हा 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वरून उचललेला, त्यात जागा नाही आणि म्हणून भीतीही नाही. मोहन भाकरींचे 'चीख' (1986), 'खूनी महल' (1987), 'कब्रस्तान' (1988) हे घाईघाईत काढलेले वाटतात, पण 'कब्रस्तान'मध्ये काही क्षण चांगले आहेत. कांती शाह यांच्या भयपटांत माझं मन रमत नाही. 'गुंडा' (1998) त्यांचा वेगळ्या कारणाने गाजला आणि तो भयपट नाही. हरिनाम सिंह यांच्या 'शैतानी ड्रॅक्युला'ची (2006) शहरातली मुलं रात्रभर टिंगल करतात. मी ती करणार नाही. दिग्दर्शकाच्या हातात काही नसतानाही त्याने चित्रपट पुरा केला, ही गोष्ट मला टिंगलीपेक्षा मोठी वाटते.

'वीराना' (1988) बद्दल वेगळं लिहावं लागेल. चाहत्यांमध्ये हा रामसेंचा मुकुटमणी मानला जातो. अभिनेत्री जस्मिनचं रूप, निळे दिवे, जंगलातला रस्ता, सगळं देखणं आहे. पण चित्रपटाच्या सुरुवातीला नकिता नावाच्या चेटकिणीला पकडून फासावर लटकवतात, आणि चित्रपट आपल्याला ते दृश्य सुटकेच्या भावनेने पाहायला लावतो. नंदुरबार जिल्ह्यात बसून ते तसं पाहता येत नाही. डाकीण ठरवून बायकांना मारहाण, गावाबाहेर काढणं, जीव घेणं हे आमच्याकडे घडलेलं आहे. गावात कुणी आजारी पडलं, गुरं मेली, की बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी इथल्या गावांत त्याविरुद्ध वर्षानुवर्षं काम केलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. हे सगळं डोळ्यांसमोर असताना 'वीराना'चा पहिला भाग मला माफ करता येत नाही.

भयपट आवडतो म्हणजे भूत-चेटूक मानतो, असं लोक धरून चालतात. माझं उलट आहे. पडद्यावरची भीती दिवा लावला की संपते, तिला कुणाचा बळी द्यावा लागत नाही. ज्या चित्रपटात राक्षस बाहेरचा, अमानुष असतो तो निरुपद्रवी. ज्यात दोष शेजारच्या बाईवर येतो तो धोक्याचा. हा फरक मी या पुस्तकात प्रत्येक चित्रपटाला लावला आहे, आणि त्यात काही लाडके चित्रपट खाली घसरले आहेत.

मराठीत शुद्ध भयपट कमी. वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' (1976) अजूनही रात्री एकट्याने पाहावासा वाटत नाही. शेवटी तो मनाच्या आजाराकडे वळतो आणि भुताला जागा नाकारतो, हे मला त्याचं धाडस वाटतं. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (1993) अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेला, पण रामदास पाध्ये यांनी बनवलेल्या बाहुल्याने तो पूर्ण मराठी केला. त्या बाहुल्याची, तात्या विंचूची, भीती वाटलेली मुलं आज चाळिशीत आहेत, त्यांना विचारा. लाकडी बाहुला, त्यामागचे हात, आणि अचूक वेळ साधणारे लक्ष्मीकांत बेर्डे, एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे. वाचनात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी माणसाला जेवढं घाबरवलं तेवढं चित्रपटाने घाबरवलं नाही, आणि धारपांच्या कथेची सावली पडद्यावर नीट उतरली ती थेट 2018 साली, राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये. 'तुंबाड' स्वस्तातला नाही, म्हणून तो या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. पण खऱ्या पावसासाठी एकामागून एक पावसाळे थांबणारी ती माणसं जागेचं महत्त्व ओळखून होती.

कक्षेत नक्की बसतो तो विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (2017). गरोदर नेहा, कर्जात सापडलेला नवरा, आणि लपायला मिळालेलं घर चारही बाजूंनी उसाने वेढलेलं. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींच्या खांद्यावर चित्रपट आहे. त्यातलं बरंचसं भय भर दिवसा घडतं. ऊन पडलंय, आभाळ निळं आहे, आणि उसाच्या दोन ओळींच्या मधून मुलं पळताना दिसतात. पुढच्या क्षणी फक्त पानं हलतात. ज्याने उसात हरवल्याचा अनुभव घेतला आहे त्याला कळेल की इथे कॅमेऱ्याने काही खोटं केलेलं नाही. मुलगी नको म्हणून केलेल्या हत्यांचं पाप त्या शेतात गाडलेलं आहे आणि तेच वर येतं. 'पुराना मंदिर'चा शाप, 'बंद दरवाजा'ची अट आणि 'लपाछपी'चा ऊस अशी ही एक सलग ओळ आहे, आणि ती पुरी व्हायला तेहतीस वर्षं लागली. पुढे याच दिग्दर्शकाने हिंदीत 'छोरी' (2021) काढला. खर्च वाढला, चित्र चकचकीत झालं. मला 'लपाछपी'च आवडतो.

इथून शहादा-धुळे करत मुंबई-आग्रा महामार्गाला लागलं की मालेगाव येतं. स्वस्तात चित्रपट काढण्याच्या गोष्टी मालेगावशिवाय पुऱ्या होत नाहीत, जरी त्यांनी भयपट न काढता विडंबनं काढली. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं करणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमागावर काम करणारे मित्र जमवून 'मालेगाव के शोले' काढला, आणि तो तिथल्या व्हिडिओ पार्लरमध्ये तुफान चालला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात पुढच्या चित्रपटाची धडपड दिसते, आणि सुपरमॅन झालेला शफीक शेख. तो यंत्रमाग कामगार कर्करोगाने लवकर गेला. 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला आणि मोठ्या पडद्याने त्यांची दखल घेतली. रामसेंच्या सात भावांनी जे केलं तेच या मित्रांनी केलं: पैसा नव्हता तिथे नाती लावली.

परदेशातली एक गोष्ट इथे सांगतो. जॉर्ज रोमेरो यांनी 1968 साली पिट्सबर्गजवळ 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला, साधारण 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि नवीन नावाच्या पट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट कुणाच्याच मालकीचा राहिला नाही. कुणीही त्याची टेप काढली, तबकडी काढली, मिळेल त्या झिजलेल्या प्रतीवरून. कितीतरी वर्षं लोकांनी तो गढूळच पाहिला. मग न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मूळ निगेटिव्हवरून तो पुन्हा घडवला, आणि 2016 मध्ये लोकांनी पहिल्यांदा त्यातले खरे काळे-पांढरे पाहिले.

रामसेंचंही काहीसं असंच झालं, फरक एवढाच की पहिलं पाऊल बाहेरच्यांनी उचललं. पीट टोम्ब्स या इंग्रज अभ्यासकाने जगभरच्या विलक्षण चित्रपटांवर 'मोंडो मकाब्रो' हे पुस्तक 1997 मध्ये लिहिलं, आणि पुढे त्याच नावाने डीव्हीडी काढायला सुरुवात केली. लाहोरला 1967 साली बनलेला 'जिंदा लाश' त्यांनी काढला, आणि त्यानंतर रामसेंचे 'पुराना मंदिर', 'बंद दरवाजा', 'वीराना' असे चित्रपट जोडीजोडीने, इंग्रजी उपशीर्षकांसह. ती डीव्हीडी पहिल्यांदा लावली तेव्हा 'पुराना मंदिर'च्या तळघरात भिंतीला रंग आहे हे दिसलं. तोवर ती भिंत काळीच वाटत होती. शम्य दासगुप्ता यांचं रामसेंवरचं इंग्रजी पुस्तक 2017 मध्ये आलं. त्यानंतर थोड्याच काळात, 2018 च्या डिसेंबरात तुलसी रामसे आणि 2019 च्या सप्टेंबरात श्याम रामसे गेले. निदान आपल्या कामाची नोंद झालेली त्यांनी पाहिली.

मराठीत अशी नोंद नाही, ही माझी तक्रार आहे, आणि हे पुस्तक त्या दिशेने केलेलं काम आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून चित्रपट जपतं आहे, त्याचं ऋण मोठं आहे. पण व्हीसीडीवरच जन्मलेला आणि व्हीसीडीवरच संपलेला चित्रपट तिथपर्यंत पोचत नाही. त्याची फिल्म कधी नव्हतीच. तो सापडला तर कुणाच्या तरी घरातल्या लोखंडी कपाटातच सापडेल.

म्हणून टिपणं वाचण्याआधी एक काम सांगतो. आपल्या घरच्या तबकड्या बाहेर काढा. त्या एकावर एक रचून ठेवल्या असतील तर उभ्या करा. पुसताना गोल फिरवून पुसू नका, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा; गोल ओरखडा एकाच मार्गावरचा मजकूर सलग खातो, आडवा ओरखडा वाचणाऱ्या यंत्राला ओलांडता येतो. उजेडाकडे धरून पाहा. चकाकी फाटून पलीकडचं दिसत असेल, कडेला तांबूस डाग पसरत असेल, तर ती तबकडी मरायला लागली आहे. आजच तिची प्रत संगणकावर उतरवा. मुखपृष्ठाचा कागदही फेकू नका, त्यावरच कलाकारांची नावं असतात आणि पुष्कळदा फक्त तिथेच असतात.

टिपणं कालक्रमाने लावलेली नाहीत. जागेनुसार लावली आहेत: आधी हवेल्या आणि वाडे, मग घाट आणि जंगल, मग शेत, शेवटी घराच्या आतल्या खोल्या. सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर 'पुराना मंदिर' आणि 'लपाछपी' लागोपाठच्या दोन रात्री पाहा, दिवे मालवून, मोबाइल बाजूला ठेवून. बाकीचं त्यानंतर वाचा.

आणि कपाटात रामसेंच्या शेजारी एखादी अहिराणी विनोदी सीडी निघाली, शेजारच्या गावातल्या पोरांनी भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढलेला भूतना पिक्चर निघाला, यात्रेत वीस-पंचवीस रुपयांना घेतलेला, ज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही, तर प्रत काढताना तिचा नंबर पहिला लावा. रामसेंच्या प्रती आता जगभर आहेत. तिची कदाचित तुमच्याच घरी असेल.

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा, जि. नंदुरबार